लीलाचा हात आईनं धरला

सोलापूर स्टेशनात गाडी हलली तेव्हा आई खिडकीच्या गजाला धरून थोडं चालली आणि म्हणाली, "अंगाला जप गं." मी मान हलवली. कशाला जपायचं, कसं जपायचं, हे ना तिनं सांगितलं, ना मी विचारलं.

मेलबर्नला शिकायला गेले, तिथं होस्टेलात एरिन माझ्या खोलीत होती, तिथलीच पोरगी. कॉलेजात एकदा नर्सबाई आल्या आणि विचारलं, एचपीव्हीची लस कुणी कुणी घेतलीय? गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो, त्याची लस. एरिननं चिप्स खात खात हात वर केला. शाळेत असतानाच टोचलेली, आई-बापाच्या संमतीनं. आणि पोरांनीसुद्धा हात वर केले की! शेजारची व्हिएतनामची मुलगी म्हणाली, आमच्याकडं लग्न ठरल्यावर बघतात. नायजेरियाची म्हणाली, माझ्या मामीला वाटतं अशा सुईनं मूल होत नाही. आणि मी? मायक्रोबायोलॉजी शिकून गेलेली बाई! त्या विषाणूवर पेपरात पान भरून लिहिलं होतं, मार्कही घेतले. पण ती सुई माझ्या दंडासाठी असते, हे डोक्यातच आलं नव्हतं.

लई जळले मी एरिनवर. तिच्या लशीवर नाही, तिच्या त्या चिप्स खाण्यावर. तिला त्यात काहीच वाटत नव्हतं.

शुक्रवार पेठेतलं आमचं घर दोन भाषांचं. भाजी, भांडण, थट्टा सगळं मराठीत. बाईच्या अंगाचं काही निघालं की आई आणि आज्जी कानडीत शिरायच्या. आम्हा बहिणींची शाळा मराठी, त्यामुळं कानडी जेवणापाण्यापुरतीच यायची. होटगीची महानंदा काकू आजारी पडली तेव्हा घरात महिनोन् महिने कानडीच चालली. काकू गेली. आम्हाला मराठीत एवढंच कळलं, "पोटाचं दुखणं होतं."

एरिनला सोबत नेऊन मी तिकडं लस घेतली आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. धाकटी लीला कॉलेजात आहे, तिलाही द्या म्हटलं. आई लगेच कानडीत शिरली. मी म्हटलं, मराठीत बोल. तर म्हणाली, "लग्नाआधीच्या पोरीला असली सुई? लोकं इचारतील की, कशापायी म्हणून! स्थळं येतील का मग?"

मला राग आवरला नाही. "काकूला काय झालं होतं आई? तेही मराठीत सांग."

आईनं फोन ठेवला. मग बरेच दिवस तिचा फोनच नाही. मी रोज भांडी घासताना एरिनच्या आईवर जळायचे, जिला मी पाहिलंही नव्हतं.

एका रविवारी लीलाचा फोन आला. "ताई, झालं!" आई आपणहून तिला सात रस्त्याजवळच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली होती. बाहेर बाकावर पेठेतल्याच एक काकू भेटल्या. काय गं, पोरीला बरं न्हाय का, म्हणाल्या. आणि आमच्या आईनं, जिनं जन्मात हे मराठीत उच्चारलं नव्हतं, भरल्या दवाखान्यात सांगितलं, "आमच्या जावेला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालता. पोरीला तो नको, म्हणून लस द्याया आणलीय. तुमच्याबी पोरीला आणा."

"आणि सुई टोचताना हात धरला तिनं माझा," लीला म्हणाली. "लई घट्ट."

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्याआधी मी जेवढी जळले, तेवढी एरिनवरही कधी जळले नव्हते. सख्ख्या धाकट्या बहिणीवर! मला लस परक्या देशात मिळाली आणि हिला आईच्या हातात हात देऊन. मला का नाही गं?

तेवढ्यात आईनं फोन घेतला. म्हणाली, "तू गेलीस तवा अशी सुई असती हे मला ठावं न्हवतं गं. न्हायतर तुला आधी नेलं असतं." आणि हळूच, "तुझा हात कुणी धरला?"

"एरिननं."

"कोण गं ती?" आई म्हणाली. आवाज असा काही धारदार झाला, की मी ओळखलाच. माझाच तो आवाज. आई जळत होती एरिनवर.

तिकडं गेलेल्यांनो, इकडं राहिलेल्यांनो, घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. परक्या कुणी आपला हात धरला म्हणून जिथं कुणीतरी जळतं, ते.