उंदीर काळा दात घेत नाही

म्हसा गावाच्या रस्त्यावरून आत वळलं की जांभूळपाडा. तिथं कुणाच्या पोराचा दात पडला, तर आईबापाआधी सकुबाईला कळायचं. सकुबाई अंगणवाडीची सेविका. पोरगं मूठ आवळून धापा टाकत यायचं, "बाई, परला!" मग ती हातातला वजनकाटा खाली ठेवायची, शेणाच्या गोळीत दात रोवायची आणि सगळी पलटण अंगणात उभी करायची. "उंदीरमामा, जुना तुला, नवा मला!" असा गिल्ला झाला की गोळी कौलांवर.

या रीतीला एक शेपूट सकुबाईनं स्वतःच लावलं होतं. "पन मामा काळा, किडका दात घेत नाय हां! हुंगतो नि देतो परत फेकून."

शेपटाचा गुण आला. पोरं सकाळी करंजाची काडी चावत ओळीनं बसू लागली. तालुक्याहून मॅडम आल्या, गॉगल डोक्यावर सरकवून म्हणाल्या, "व्हेरी गुड हं, सकुबाई!" पुढं आठवडाभर नवशा नावाचं कार्टं डोक्यावर चिंचेचं पान ठेवून सगळ्यांना "वेरी गूऽऽड हं" म्हणत फिरत होतं.

सकुबाईला हसायलाही जोर लागायचा. पोलिओचे डोस, गरोदर बायांची नावं, उसळ शिजवणं, आणि त्याआधी घरचं पाणी. मिश्री लावल्याशिवाय तिचं डोकं चालूच व्हायचं नाही. पोरं यायच्या आत ती मागच्या भिंतीला टेकायची, डबीतली काळी तंबाखूची पूड बोटावर घ्यायची आणि डोळे मिटून हिरड्यांवर फिरवत राहायची. दिवसातली तेवढीच बैठक. पुढं कालवा झाला तर तोंड भरलेलं असतानाच ओरडायची, "उप ऱ्हा ये!" नवशा लगेच गाल फुगवून हुबेहूब, "उप ऱ्हा ये!"

म्हशाची जत्रा उठली आणि रोशनी यायची बंद झाली. पुढच्या जूनला पहिलीत जाणारी, एरवी सगळ्यांच्या आधी हजर. दोन दिवस वाट पाहून सकुबाई दुपारी काम आटोपल्यावर तिच्या घरी निघाली. चढ तेवढाच होता, पण गुडघे वाढवून सांगत होते.

रोशनीची आजी भिमी दारातच भेटली. "बरी आलीस गो बाय. पोरगी काल गरगरून पडली, ओकली. आमचा म्हातारा भगताला आनायला गेलाय. तोंड म्हनून उघडत नाय."

रोशनी कुडाच्या भिंतीला चिकटून बसली होती. सकुबाई जवळ वाकली आणि थबकली. हा वास ओळखायला तिला वेळ लागला नाही, रोजचा तिचाच.

"काय लावलंस गो?"

रोशनीनं ओठ घट्ट मिटून मूठ उघडली. आत दात. अर्धा काळा.

"मामा घेनार नाय ना यो," ती पुटपुटली. "म्हनून घासला. मंग तोंडातले पन घासले."

"कशानं?"

"तुमच्या डबीतल्यानं. तुमी मागं बसून घासता ना रोज? मी थोरी आनली." तिचे डोळे भरून आले. "मला आता नवा दात येनारच नाय का, बाई?"

सकुबाई तिच्याशेजारी खाली बसली.

"येनार. मामा काळा पन घेतो. त्याच्या नावावर मीच खोटं सांगितलं."

"खोटं?"

"तुमी दात घासावं म्हनून."

रोशनीनं जरा विचार केला. "मंग ओकारी येते ती डबी तुमी कशाला घासता?"

"सवय, गो."

"काडीनं घासा ना!"

भिमीनं मांडीवर थाप मारली. "दे आता जबाब, बाई!"

"तू कशाला हसतेस? तुझ्या कमरेला पन डबी हाय," सकुबाई म्हणाली. भिमीनं गुपचूप पदर सारखा केला.

सकुबाईनं शेणाची गोळी केली, दात रोवला आणि पेंढ्याच्या छपरावर भिरकावला. गोळी कडेला आपटली आणि घरंगळत रोशनीच्या पायाशी आली. पोरीचा चेहरा पडला.

"बघा! नाय घेतला."

"त्याच्यापरेंत गेलाच कुठं? दमलेय गो मी, हात उचलत नाय. तू टाक."

रोशनीनं मागं जाऊन, जीभ बाहेर काढून गोळी फेकली. ती वर पेंढ्यात रुतली ती रुतलीच.

"घेतला!"

"घेतला. आता नवे येतील ते जप. ते पडले तर मामाकडं दुसरे नसतात." सकुबाईनं स्वतःचा ओठ वर करून त्याखालची भगदाडं दाखवली. "हे बघ."

त्या रात्री डबी चुलीत रिकामी झाली. सकाळी डोकं असं ठणकलं की तिनं नवशाचं वजन गणूच्या नावावर मांडलं. चौथ्या दिवशी शेजारणीकडून चिमूटभर मागून आणली, आणि पकडली गेली. कारण रोशनी आता सगळ्यांच्या आधी येऊन दारात काडी घेऊन उभी असायची.

होळीच्या सुमाराला रोशनीच्या फटीत तांदळाच्या कणीएवढं पांढरं दिसू लागलं. त्या सकाळी सकुबाई भिंतीला टेकून जांभई देत होती.

"बाई, आ करा."

"आज राहू दे गो. लय दमलेय."

"आ करा!"

सकुबाईनं वजनकाटा खाली ठेवला, कुरकुरत गुडघे वाकवले आणि आ केला. रोशनीनं नाक आत घातलं, हुंगलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"वेरी गूऽऽड हं!"