मुराळी शिंदखेड्यालाच उतरला

स्मृती म्हणजे आत्म्याचं अक्षय भांडार, असं धरणगावचे आमचे कीर्तनकार सांगत. पहिल्या रांगेत मान डोलावणारे माझे चुलते नाना घरी येऊन जेवत, हात धुवत आणि पुन्हा पाटावर येऊन बसत. तरुणपणापासून बैराग्यांबरोबर ओढलेल्या गांज्याचा हा प्रसाद. आजचं पुसलं जाई, जुनं मात्र शाबूत. गाव त्यांना ‘पोचलेले’ म्हणे. मी शाळामास्तर, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही ठेवायची इच्छा नाही.

महायुद्धाच्या आधीची गोष्ट. नानांच्या लेकीची, सखूची, लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तिला दोंडाईच्याहून माहेरी आणायचं होतं. माहेरचा मुराळी न्यायला गेला नाही तर सासू वर्षभर टोमणे मारणार. मुराळी बापच हवा, हा नानांचा हट्ट. बापाला सांभाळायला मी.

शिंदखेड्याला गाडी थांबली आणि नाना उतरलेच.

“उतर रे, बहीननं गाव उनं.”

“नाना, आत्या कधीच वारली! सखू पुढे दोंडाईच्याला आहे.”

“मंग बहीनले कोन लई जाई?”

वाद संपेपर्यंत गाडी सुटली. दुसरी उद्या. सखूच्या सासूला काय सांगायचं, हे जुळवत मी त्यांच्यामागे आत्याच्या सासरी गेलो.

ओट्यावर सखू बसली होती. नवं लुगडं, शेजारी बोचकं.

“इतला उशीर, दादा?” ती मला म्हणाली. “कालदिनपाईन वाट देखस मी.”

आत्याचे यजमान आबा बाहेर आले. “तुमनाच निरोप व्हता ना, मास्तर? नाना आठे शिंदखेडालेच उतरतीन, पोरले आनी ठेवा. मी काल गाडी जुपी नि लई उनू.”

“निरोप दिला कोणी?”

“दोंडाईचाना बाजारमा एक मानूस बोलना. मी वळखत नही त्याले.”

नाना उतरले आज. निरोप आला काल. नानांनीच तो धाडला आणि मग विसरले, एवढंच मला सुचतं... पण नानांनी आधी बेत आखला आणि तो पाळलाही, हे मानायला भुतावर ठेवावी लागते त्याहून जास्त श्रद्धा लागते. खुलासा अजून सापडलेला नाही.

गावात अर्थातच चमत्कार झाला. बापाची माया लेकीपर्यंत बरोबर पोचते, असं सखू आजही सांगते.

परतीच्या गाडीत ती नानांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. नाना बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग ती जागी होणार नाही अशा बेतानं मला विचारलं —

“ही कोनी पोर शे रे?”