बाईंचा भाडेकरू

टायपिंगच्या बाईंच्या दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली होती, वाऱ्यानं एका अंगावर लोळवलेलं धान दिसतं तशी. क्लासमध्ये नवीन आलेलं प्रत्येक पोर ती बोटं बघून गडबडायचं. या बाई आपल्याला काय टायपिंग शिकवणार, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसायचा. "हात मले नाई, तुले चालवाचे आहेत," असं म्हणून बाई त्याला खुर्चीवर बसवायच्या. त्या शिकवायच्या कानांनी. डोळे मिटून बसलेल्या असल्या तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आवाज यायचा, "करंगळी झोपली काय गा तुझी?" आणि करंगळी खरंच झोपलेली असायची.

इतवारीत भांड्यांच्या एका दुकानावर आमचा क्लास होता. मी आधी तिथली विद्यार्थिनी. नोकरीच्या परीक्षा देऊन देऊन दमले आणि शेवटी बाईंच्या हाताखाली शिकवायला राहिले. खाली दिवसभर स्टीलचा खणखणाट, वर कीबोर्डांची कटकट, आणि दोन्हींच्या मध्ये एक अरुंद, उभा जिना. सकाळची बॅच सुरू व्हायच्या आधी बाईंच्या टेबलावर कोमट पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवायचं काम माझं. त्यात हात बुडवून त्या बराच वेळ बसायच्या. सकाळी त्यांची बोटं लाकडासारखी असत, पाण्यात हळूहळू सुटत. एवढं झाल्याशिवाय त्यांना खडूसुद्धा धरता यायचा नाही.

दुखण्याला त्यांनी नाव ठेवलं होतं, भाडेकरू. डॉक्टर त्याला आमवात म्हणत, कुहीला राहणारा त्यांचा भाऊ नुसतंच वात म्हणे, पण बाईंच्या तोंडी भाडेकरूच. त्या स्वतः लग्न न करता लकडगंजात एका खोलीत भाड्यानं राहिल्या, खोल्या बदलत राहिल्या. "जनमभर मी दुसऱ्याच्या घरात राहिली, आता हा माझ्या घरात राहून राहिला," असं त्या म्हणायच्या. भाडेकरू आज मनगटात, उद्या गुडघ्यात. मुलीही सकाळी आल्या आल्या विचारायच्या, "बाई, भाडेकरू काय म्हणते?" बाई सांगायच्या, "वरच्या मजल्यावर गेला वं. भाडं देत नाई, वरून खोल्या बदलून राहिला." सगळा क्लास हसायचा. मीही हसायचे, कारण दुखणाऱ्या माणसानं स्वतःच हसवलं की बाकीच्यांची जबाबदारी हलकी होते.

औषधाच्या बाबतीत मात्र बाईंनी मला पार थकवलं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या रविवारच्या. त्या घेतल्या की मळमळायचं म्हणून बाई निम्मे रविवार चुकवायच्या, आणि आठवडाभर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून फुटाण्यासारख्या खायच्या. मी रागावले की म्हणायच्या, "तू माझी सासू आहेस काय वं?" मी म्हणायचे, हो, आहे. मग आम्ही दोघी दिवसभर एकमेकींशी कामापुरतं बोलायचो.

त्यांना घेऊन मी डॉक्टरांकडे जायचे. डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलायच्या. एकदा त्यांनी बाईंची बोटं पाहिली, मग बराच वेळ रक्तदाब पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, या आजारात सूज फक्त सांध्यांत राहत नाही. रक्तवाहिन्यांनाही तिचा त्रास होतो. तुमच्यासारख्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल सगळं करून घ्या. रविवारच्या गोळ्या सोडू नका, त्या सूज आवरतात. आणि त्या दुकानातल्या गोळ्या बंद, त्यांनी धोका आणखी वाढतो." बाईंनी मान डोलावली. बाहेर पडताच मला म्हणाल्या, "मी हात दाखवाले आली, अन् ह्या छाती मागून राहिल्या." ऑटोवालासुद्धा हसला.

ईसीजी राहिला. आधी परीक्षा होती. परीक्षा झाल्यावर नवीन बॅच होती. नवीन बॅचनंतर पुन्हा परीक्षा. टायपिंगच्या क्लासला परीक्षेशिवाय दुसरा ऋतूच नसतो. मी आठवण करायचे, भांडायचे, एकदा रडलेसुद्धा. "पोरी पास होऊ दे, मंग जाऊ," एवढंच उत्तर. खरं सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या. बोटं गेली तरी क्लास चालवता येतो हे त्यांनी सिद्ध केलं होतं. छातीत काही निघालं, तर जिनाच बंद होईल, आणि जिना बंद झाला की लकडगंजातली ती एक खोली आणि त्या. हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण मला कळत होतं.

मग त्या जिन्यात थांबू लागल्या. आधी वरच्या वळणावर, नंतर मध्येच. भिंतीला पाठ टेकून उभ्या राहायच्या आणि वरून मी बघतेय असं दिसलं की म्हणायच्या, "भाडेकरू गुडघ्यात उतरला." पण गुडघा दुखणारं माणूस गुडघा धरतं. बाई तोंड उघडून श्वास धरायला बघत होत्या. संध्याकाळी लाइट बंद करून आम्ही खाली उतरायचो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो थकवा असायचा, तो त्यांच्या नेहमीच्या थकव्यासारखा नव्हता. मी तसं बोललेही. "इतक्या वर्षांचा थकवा आहे, त्याले नवा-जुना काय लावतेस?" त्या म्हणाल्या.

परीक्षेच्या आदल्या सकाळी बाई कोमट पाण्यात हात घालून बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "आज तं जबड्यात शिरला वं." भाडेकरू जबड्यात याआधीही गेला होता, तेव्हा त्यांना दोन दिवस घास चावता आला नव्हता. त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. एका मुलीनं बाम काढला, दुसरी डावा खांदा चोळू लागली, कारण तोही दुखत होता. खालचे दुकानदार शेठ वर आले आणि त्यांनी निदान केलं, "गॅस आहे जी, सोडा पाजा." सगळे प्रेमानंच करत होते. खोलीभर बामाचा वास झाला. मी बाईंच्या कपाळाला हात लावला, तर घामानं थबथबलेलं, आणि थंड.

"बाई, उठा. दवाखान्यात जायचं."

"काहून? बॅच सुरू आहे."

"उठा म्हणते ना मी!"

बाईंवर मी आवाज चढवल्याचं मुलींनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. शेठच्या हमालांनी त्यांना खुर्चीसकट उचलून तो जिना उतरवला. बाई खुर्चीत बसून वर वळून ओरडत होत्या, "मशीनी चालू ठेवा गा, थांबाचं नाई!" आणि पोरं रडत रडत टाइप करत होती.

तो हृदयविकाराचा झटका होता, आणि पहिला नव्हता. आधी एक छोटा येऊन गेला होता, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. केव्हा, हे आता कोण सांगणार. भाडेकरू खांद्यात आहे म्हणून आम्ही हसलो होतो, त्यांतल्याच एखाद्या सकाळी.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. बाईंच्या वाकड्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायला नर्सला जागा सापडत नव्हती. बाईंनी डोळे उघडले.

"पोरी पेपरले गेल्या?"

"गेल्या."

मग बाई हळूच म्हणाल्या, "भाडेकरू नव्हता वं तो." मी वाकून ऐकलं. "मालक होता. खोली खाली करा, असं सांगाले आला होता."

त्यानंतर बाई एक उन्हाळा जगल्या. रविवारची एकही गोळी चुकवली नाही. हृदयाच्या गोळ्याही वेळेवर घेतल्या, दुकानातल्या गोळ्यांना हात लावला नाही, शहाणपणाची राहून गेलेली सगळी वर्षं त्यांनी त्या थोड्या महिन्यांत भरून काढली. पण हृदय फार दमलं होतं. क्लासचा जिना त्या पुन्हा चढल्या नाहीत. मी रोज संध्याकाळी लकडगंजात जाऊन कोण कसं टाइप करतंय ते सांगायचे, आणि त्या विचारायच्या, "आवाज कसा येते पण?" भाडेकरूचं नाव त्यांनी परत काढलं नाही. एका दुपारी झोपेतच गेल्या.

तेराव्याला कुहीहून आलेली माणसं एकमेकांना सांगत होती, वातानं गेली बिचारी. मी आधी एक-दोघांना हृदयाचं समजावलं, मग सोडून दिलं. आता क्लास मी चालवते. बामाचा वास मला सहन होत नाही, आणि खरं म्हणजे हल्ली पुष्कळ गोष्टी सहन होत नाहीत.

परवा एक बाई मुलीचं नाव घालायला आली. फी देताना तिनं हात पदराखाली घेतला, पण सुजलेली बोटं मला दिसलीच. मी विचारलं तर म्हणाली, "वात आहे जी, जुना."

"छाती तपासून घेतली काय डॉक्टरकडून?"

ती हसली. "छातीचं काय काम जी? दुखतात तं बोटं."

जिना चढून आल्याचा दम अजून तिच्या बोलण्यात होता. मी आतून एक खुर्ची आणली, तिला बसवलं, पाणी दिलं. दमले होते, तरी समोर बसले आणि बाईंच्या भाडेकरूची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली.