पाचव्या पालनीतली खुर्ची

होळी जवळ आली की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, सोड ना आता हा राग, नोकरी लागली ना! का सोडू?

आमच्या सातपुड्यात नवसाचा माणूस होळीला बुध्या होतो, अंगाला राख फासून, कमरेला घुंगरं बांधून नाचतो. त्याआधी काही दिवस पालनी पाळायची. खाटेवर, खुर्चीवर बसायचं नाही, टेकायचं तर जमिनीवर. मोडली की आधीची सगळी वर्षं पाण्यात. मी बारावीला नापास झालो तेव्हा आई नवस बोलली, पोरगा शिकून नोकरीला लागू दे, पाच होळ्या पालनी पाळेल. नवस तिचा, पाळायचा मी. चार पाळल्या.

पाचव्या वर्षी मी नंदुरबारच्या कॉलेजात वायरमनचा कोर्स करत होतो. त्या आठवड्यात वर्गात मागे फरशीवर बसायचो. पोरं विचारायची, "काय भो, मूळव्याध झाली का?" ते चालायचं. पण तोंडी परीक्षा नेमकी होळीच्या आदल्या दिवशी ठेवली. दिवाळीत ठेवतील का? हिंमत आहे?

परीक्षक बाहेरून आलेले. "बस," म्हणाले.

"पालनी आहे सर. खाली बसू?"

ते हसले. "तुन्हासाठे पाट मांडू का? नाटकं नकोत. बसायचं नसेल तर गैरहजर लिहितो." पेनचं टोपण काढलंसुद्धा.

शेजारी आमचे सर होते. दर होळीला आमच्या पाड्यावर येणारे, आमच्या घरी जेवून बुध्यांसोबत फोटो काढणारे. त्यांनी एक शब्द बोलायचा होता! त्यांनी नुसतं डोळ्यांनी खुणावलं, बस.

बसलो. अर्थिंगवरचे सगळे प्रश्न बरोबर आले.

"बघ, बसलास तर मेलास का?" परीक्षक म्हणाले.

संध्याकाळी घरी पोचलो. आईने विचारलं, "नीट पाळलीस ना?" मी हो म्हणालो. तिच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोललो, तेही देवाच्या कामात.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला घुंगरं बांधली. दुपारी सर आले, गळ्यात कॅमेरा. आईने अंगणात खाट टाकली. सर ऐसपैस बसले आणि शेजारी हात थोपटून म्हणाले, "ये, बस, फोटो काढू."

आईने माझा दंड धरून मला मागे ओढलं. "नाही सर, त्याची पालनी आहे."

"हो हो," सर म्हणाले, "मला माहीत आहे."