मारव्याचा सा

दिग्रसच्या आमच्या घरात संध्याकाळी मारवा लागला की चहासुद्धा आवाज न करता प्यावा लागायचा. तहसील कचेरीत आयुष्य गेलेले माझे बाबा एका गायिकेच्या त्या ध्वनिमुद्रणावर जीव ओवाळून टाकायचे. सकाळची तोडी, दुपारचा सारंग, सगळे त्यांचे लाडकेच. पण मारव्याला ते हात जोडूनच बसायचे. मला मात्र त्यात कंटाळ्याखेरीज काही ऐकू येत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. यवतमाळहून यंत्र आणलं. त्यातून माझं बोलणं कळायचं, भाजीवाल्याची हाक कळायची. मोठ्या हौसेनं मी मोबाइलवर मारवा लावला. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि यंत्र काढून ठेवलं.

"हे गाणं नाही व. कोणी भांडे घासून राह्यलं."

डॉक्टरांनी दोनदा यंत्र जुळवून दिलं, तरी गाणं काही सुधरेना. बाबांनी गाणं लावणंच सोडलं. इतक्या वर्षांत त्यांच्याशेजारी बसून मी एकदाही मन लावून ऐकलं नव्हतं, याची मला फार लाज वाटली.

शेवटी त्यांनीच तोड काढली. "तू आयक अन् मले सांग."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कायले पायजे कळाले? वर गेली का खाली आली, तेवढं सांग. अन् सा लागला की सांगजो. मारव्यात सा लवकर भेटत नाही, वाट पाहा लागते."

मग रोज संध्याकाळी इअरफोन माझ्या कानात, यंत्र त्यांच्या. मी "वर गेली" म्हटलं की त्यांचा हात वर जायचा. सगळं गाणं त्यांना पाठ होतं. मी उगाच "लागला!" म्हणायची आणि ते हसायचे. "अजून लय दूर हाये, बाई."

असे दोनेक महिने गेले. एका संध्याकाळी ती गायिका रिषभ-धैवत या दोन सुरांवरच रेंगाळत राहिली. साच्या जवळ यायची, पुन्हा लांब जायची. काय ताकदीनं गात होती! सांगता सांगता माझं बोलणं कधी थांबलं, कळलंच नाही. मग तिनं सा लावला आणि मला रडूच कोसळलं.

भानावर आले तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. मी घाईघाईनं म्हटलं, "बाबा, सांगायचं राहिलं—"

"राहू दे," ते म्हणाले. "दिसला मले."