आईनं स्वतःचं चित्र पाहिलं

चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला मी सांगलीत होते आणि आई माणमध्ये, आमच्या गावी. संध्याकाळी तिचा फोन यायचा. गावाकडचं बोलून झालं की म्हणायची, "आता तू काय बघितलंस ते सांग." मग मी पाहिलेलं नाटक, सिनेमा, प्रदर्शन, जे असेल ते सांगायचे.

एकदा कॉलेजात एक सिनेमा दाखवला. त्यात एक बाई बराच वेळ खिडकीपाशी नुसती बसून राहते. बाहेर आल्यावर सगळे त्या शांततेबद्दल बोलत होते. मीही मान हलवत होते, पण मला काहीच कळलं नव्हतं. आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं झालं की. बसायला मिळालं बाईला." तेव्हा कुठं तो सिनेमा मला उलगडला. दोन भावांच्या भांडणाचं नाटक सांगत होते, तर मधेच तिनं विचारलं, "त्यांची भन कुठं हाय?" नाटकात बहीण नव्हतीच. त्या प्रश्नावर मी निबंध लिहिला, आणि आमच्या सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. तो प्रश्न आईचा होता हे मी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आई ताटात बाजरी घेऊन निवडत होती. मी वही काढून तिचं स्केच करायला बसले. हात काढले, पदर काढला, आणि चेहऱ्याशी येऊन थांबले. ताट मांडीवर नव्हतं. तिनं ते उचलून नाकाशी धरलं होतं. एक एक खडा ती बोटांनी चाचपून काढत होती. घरात वावरताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, चित्र काढताना आलं.

"दिसत नाही का तुला?"

"दिसतंय की. उजेड कमी हाय."

दुपारचे दोन वाजले होते आणि ती अंगणात बसली होती.

तिला मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात आणायला मला तीन महिने लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरलं. ते तासाभरात झालंही, पण पट्टी काढेपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. पट्टी काढल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलीयास गं."

आठवड्यानं ती तपासणीला आली, त्याच दिवशी आमचं वार्षिक प्रदर्शन होतं. त्या स्केचवरून केलेलं मोठं चित्र मी तिथं लावलं होतं. ताट, बोटं, किलकिले डोळे, सगळं त्यात होतं. तिला विचारलं मात्र नव्हतं. जे तिनं घरादारापासून लपवलं, ते मी भिंतीवर टांगलं होतं. दवाखान्यातून तिला परस्पर एसटीला बसवावं असंही मनात येऊन गेलं. पण तीच म्हणाली, "तुजं चित्र दाव की."

काळा चष्मा लावून ती चित्रासमोर उभी राहिली.

"ही मी हाय?"

"हो."

"एवढं जवळ धरत हुते व्हय ताट?"

"हो."

ती चित्राच्या आणखी जवळ गेली. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं, कुनाला कळत न्हाई."

"चिडलीस?"

"चिडू कशाला? तू बघितलंस म्हनून तर ह्या डोळ्याला दिसाया लागलं." आणि चष्मा जरा वर करून तिनं पुन्हा पाहिलं. "पदर मातूर लय मळका काढलायस."

मला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. कित्येक दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. तेवढ्यात सर आले. मी सांगून टाकलं, "सर, ही माझी आई. त्या निबंधातला बहिणीचा प्रश्न हिचा होता." सर आईकडं वळून म्हणाले, "मग बाकीची चित्रंही बघा आणि काय वाटतं ते आम्हाला सांगा."

आई खरंच सगळं प्रदर्शन फिरली. एका मुलाच्या चित्रात नुसता निळा रंग होता. तो मुलगा अर्थ समजावून सांगायला लागला. ती म्हणाली, "थांब बाबा, आधी मला बघू दे." मग ती तिथंच उभी राहून बघत राहिली, आणि तो मुलगा नि मी तिच्या मागं उभे राहून तिच्याबरोबर बघायला लागलो.