शेवटच्या घरापर्यंत

आमच्या भागात तिला सगळे चावीवालीच म्हणतात. कुलपं-किल्ल्यांशी तिचा काही संबंध नाही, ती पाणी सोडते. खांद्यावर जवळजवळ तिच्याच उंचीची लोखंडी चावी, पायात गमबूट, डोक्यावर टोपी. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत बसवायची आणि अंगाचा भार टाकून फिरवायची. मग त्या गल्लीचे नळ वाहू लागतात. टेकडीवरच्या टाकीतलं पाणी कुठल्या गल्लीला कधी द्यायचं, हे तिला विचारावं लागत नाही.

माझं घर वरच्या गल्लीतलं शेवटचं. चढ संपतो तिथे. खिडकीशी शिवणाचं मशीन आणि मागे मोरी. खाली सगळ्यांच्या बादल्या-पिंपं भरून, झाडांना घालून, गाड्या धुऊन झाल्या की उरलंसुरलं माझ्या नळाला. आधीच्या माणसाच्या राज्यात तेही नाही. त्याच्याशी भांडून भांडून माझा घसा बसला होता. मग ही आली. पहिल्याच दिवशी चढ चढून धापा टाकत माझ्या दारात उभी.

"आलं का?"

"काय आलं का?"

"पाणी हो!"

मी नळ सोडून दाखवला. करंगळीएवढी धार. ती खाली गेली, चावी आणखी फिरवली आणि पुन्हा वर आली. "आता?" त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. शेवटच्या घराला पाणी पोचल्याचं कानांनी ऐकल्याशिवाय ती चावी बंद करत नसे. मी फटकळ म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे, पण या बाईशी भांडायला मला कारणच सापडेना. मग नाइलाजाने तिला चहा द्यायला लागले.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाला माझं दार दुरुस्त करायची फार तळमळ लागली. तो सुतार आहे. एक दार नीट करायला सुताराला किती खेपा लागाव्यात? आणि त्या सगळ्या बरोबर पाण्याच्याच वेळेला? दार अजून कुरकुरतंच आहे. लग्न मात्र झालं.

म्हणजे मी तिची नणंद. तिने मला ताई म्हणायला सुरुवात केली, पण रोज वर येऊन "आलं का?" विचारणं काही सोडलं नाही. पोट दिसायला लागलं तरी येतच राहिली. मी म्हटलं, "अगं, आता मीच खाली हाक मारीन, तू चढू नकोस." तर म्हणाली, "ताई, तुमच्या हाकेवर माझा विश्वास आहे, पण नळावर जास्त आहे."

मुलगी झाली. लहानखुरी, लाल, मुठी घट्ट मिटलेली. सगळे खूश. आणि चावीवालीने, जशी ती सगळं करते तसं, दूध पाजण्याचीही पद्धत बसवली.

तिच्या कामात एक पक्का नियम आहे. टाकी भरू द्यायची, मगच सोडायचं. अर्ध्या टाकीवर चावी उघडली तर पाण्याला जोर नसतो, खालचे लोक भरून घेतात आणि वरच्या गल्लीच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. लोक कितीही ओरडोत, दारात येऊन शिव्या देवोत, टाकी भरेपर्यंत ती हलत नाही. याच हट्टापायी मला पाणी मिळत होतं, त्यामुळे मी तरी काय बोलणार! तोच नियम तिने स्वतःच्या अंगाला लावला. छाती भरून जड झाली की पाजायचं. बाळ मध्येच रडलं तर फिरवायचं, जोजवायचं, तोंडात चोखणी द्यायची. फारच आकांत केला तर पावडरचं दूध बाटलीतून. "अजून भरलं नाही," म्हणायची. "आत्ता दिलं तर नंतर काहीच उरणार नाही."

आम्हा सगळ्यांना ते पटलंही. साऱ्या वस्तीला पाणी पाजणारी बाई, तिला कोण शिकवणार? भाऊ तर तिच्या शब्दाबाहेर कधीच नव्हता. मला मूलबाळ नाही, तेव्हा मी या विषयात तोंड उघडत नाही. माझ्या दृष्टीने हा केवढा संयम आहे ते मला ओळखणाऱ्यांना कळेल. राहिली आमची आई. तिने तीन मुलं अंगावर पाजून वाढवलेली. पण तीही गप्प. का, ते नंतर सांगते.

आधी छाती लवकर भरायची, मग उशिरा, मग आणखी उशिरा. चावीवाली जास्त वाट पाहू लागली. बाळाची बाटली वाढली, पण त्याने बाळाचं पोट बिघडायचं, प्यायलेलं अर्धं ओकून टाकायची. शेजारणींनी मग आपापली औषधं आणली. कुणी बिया उकळून दिल्या, कुणी कसला पाला, कुणी सांगितलं भरपूर पाणी पी. चावीवाली तांब्यामागून तांब्या रिचवत राहिली. मोरीच्या खेपा वाढल्या, दूध काही वाढलं नाही.

दवाखान्यात वजन करायला मीच बरोबर गेले होते. नर्सने काटा पाहिला, पुन्हा पाहिला. "वाढ नाहीये," ती म्हणाली. "पुढच्या खेपेलाही असंच दिसलं तर डॉक्टर बाळाला इथे ठेवून घेतील." चावीवालीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी तिला भर उन्हात फुटलेली पाइपलाइन दाबून धरताना पाहिलंय, तेव्हाही ती अशी दिसली नव्हती.

नर्सने तिला समोर बसवून बाळाला पाजायला लावलं. तोंड नीट मोठं उघडतंय का, नुसतं टोक तर धरत नाही ना, ते बघून बाळाला जरा वळवून जवळ घेतलं. मग विचारलं, "कधी कधी पाजता?"

चावीवालीने सगळा क्रम सांगितला. खरं तर जरा अभिमानानेच.

नर्स ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही भरण्याची वाट पाहता?"

"मग? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"इथे उलटं आहे. भरलेलं तसंच राहिलं की शरीराला वाटतं, एवढं लागत नाही बहुतेक. मग ते कमी बनवतं. बाळाने ओढलं, रिकामं केलं, की कळतं अजून हवंय. रिकामं करणं हीच मागणी."

"रिकाम्या टाकीतून सोडायचं?" चावीवालीला ते काही केल्या पटेना.

"टाकी नाहीच हो ही," नर्स म्हणाली. "बाळ तोंड हलवू लागलं, मूठ चोखू लागलं की लगेच घ्या. रडायची वाट नको. दोन्ही बाजूंनी पाजा, नंतर थोडं हाताने काढा. कपड्यांशिवाय छातीवर घेऊन पडून राहा. बाटली एकदम बंद नका करू, पण आधी अंगावरचं, मग बाटली. आणि दोन-तीन दिवसांनी वजनाला या."

घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "मला ठाऊकच होतं. आड उपसला नाही तर झरे बुजतात."

माझं टाळकंच सरकलं. "ठाऊक होतं तर तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"मी सासू आहे," आई शांतपणे म्हणाली. "बोललं तर सासूपणा करते, नाही बोललं तर माया नाही. मी आपलं कमी वाईट ते निवडलं."

चावीवाली हे ऐकत होती. ती उठली, आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, आजपासून तुम्ही बोला. मला राग आला तरी बोला." मग ती रडली. पाणी पाजणाऱ्या बाईच्या पोरीला तहान लागली आणि तिला कळलं नाही, असं काहीतरी म्हणत होती. आईने तिला गप्प केलं नाही. बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. मी चहा टाकायला गेले. मला असल्या वेळी हातात काहीतरी लागतं.

मग नियम मोडला. वेळ नाही, पाळी नाही. बाळ मागेल तेव्हा, आणि मागायच्या आधीही. भावाच्या घरी करवतीचा आवाज आणि भुसा, म्हणून ती दुपारी माझ्याकडे येऊन पडायची. उघड्या अंगावर बाळ, वर माझी मऊ चादर. मी मशीन चालवायचे, आई बाजूला लवंडायची. भाऊ मध्येच डोकावून "काही हवंय का?" विचारायचा आणि दाराकडे बघून म्हणायचा, "हे दार एकदा बघायला हवं." तरी चावीवालीच्या मनातली टाकी गेली नव्हती. पाजताना बाळाकडे कमी आणि आपल्या छातीकडे जास्त बघायची. खांदे वर ओढलेले, दात आवळलेले. "येतच नाहीये ताई. मऊच लागतेय," म्हणायची.

तिच्या जागी बदलीवर आलेला माणूस म्हणजे आनंदच होता. कधी खालच्या गल्लीत चावी उघडीच विसरायचा, कधी वर उघडायचीच नाही. मी सवयीने नळ सोडून ठेवायचे, पाणी आलं तर कळावं म्हणून. एका दुपारी अशीच आम्ही बसलो होतो. नळ कोरडा, बाळ ओढतंय आणि सोडतंय, चावीवाली कपाळाला आठ्या घालून. तेवढ्यात मोरीतला नळ खोकला. मग हवा फुसफुसली. एवढ्यावर ती ताठ झाली, कान टवकारले. "थांबा," म्हणाली. मग बादलीत धार पडली, आधी बारीक, मग जोरात. तिचे खांदे आपोआप खाली आले.

आणि बाळाचं ओढणं बदललं. चुकचुक थांबली, गिळायचा आवाज येऊ लागला, घटाघट. दुसऱ्या बाजूने दूध आपोआप ठिबकून माझी चादर भिजली. चावीवाली आधी घाबरली, मग तिला हसू फुटलं. "अहो ताई! हे बघा, हे बघा!"

"बघतेय," मी म्हटलं. "माझी चांगली चादर."

आई डोळे न उघडता म्हणाली, "धुऊन टाक. नळाला पाणी आलंय."

त्यानंतर ती पाजायला बसली की आम्ही मोरीत तांब्याने बादलीत पाणी सोडायचो. शेजारी हसले. हसोत. बाटली हळूहळू मागे पडत गेली, आणि लंगोट मात्र पुरेनात.

वजनाचा दिवस आला. मधल्या खेपेला काटा जेमतेम हलला होता, आता खरं काय ते कळणार होतं. दवाखान्याच्या आतल्या खोलीला पडदा होता. नर्सने बाळाचे कपडे काढायला सांगितले, तेव्हा चावीवालीने बाळ माझ्याकडे दिलं. "तुम्ही न्या. मला बघवणार नाही." ती पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. मी बाळाला काट्यावर ठेवलं. थंड लागलं असावं, तिने सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा टाहो फोडला. काटा हलला, थरथरला, थांबला. नर्सने वाकून पाहिलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि हसली.

मला बोलता येईना. मला, जी वरच्या गल्लीतून खालपर्यंत ऐकू जाईल असं भांडते.

पडद्यापलीकडून आवाज आला. रोजचाच प्रश्न, पण अगदी बारीक आवाजात.

"ताई, आलं का?"

"आलं गं," मी म्हटलं. "पोचलं."